दहा सेकंदांचा फॉल्ट

आता मला सांगा, सगळं झकास चाललेलं असताना अपडेट करायची काय गरज होती? पण कॉम्प्युटरने विचारलं, ‘करू का?’ आणि मी म्हटलं, कर बाबा... झालं, लागली वाट! कॉम्प्युटरची हां, माझी नाही. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होतो मी, फॉल्ट म्हणजे आपल्या घरचा माणूस!

तुम्हाला सांगतो, चारकोपला आमच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर मी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घातलीय, मी स्वतः. त्यात स्क्रीनचे इफेक्ट्स असतात. खिडकी ओढली की जेलीसारखी हलते, बंद केली की धूर होऊन उडून जाते... सगळा पोरखेळ! पण त्यातला एक इफेक्ट आमच्याकडे औषधासारखा लागतो. एक बटण दाबून माउसचं चाक फिरवलं की अख्खी स्क्रीन मोठी होते, अक्षरं, बटणं, बाण, सगळं! कारण आमच्या शकुला डोळ्यांचा त्रास, बारीक काही दिसत नाही. आणि शकु म्हणजे नुसती माझी बायको नाही, सोसायटीची सेक्रेटरी! रविवारी रीडेव्हलपमेंटची मीटिंग, बिल्डरने बासष्ट पानांचा करार मेलवर पाठवलेला, कमिटीने पहिलं पान बघून ‘छान आहे’ म्हणून मिटलेला... वाचणार कोण? शकु!

आणि मी शुक्रवारी सकाळी अपडेट केलं.

शकु बसली, चाक फिरवते, फिरवते... काही नाही! एरवी माझ्याशी शुद्ध बोलते, पण पारा चढला की थेट मालवणला पोचते. ‘अहो, माका कायच दिसणा नाय!’ म्हटलं, सरक, पाच मिनिटांचं काम. काळी खिडकी उघडली, कमांड मारली, इफेक्ट्स चालू! ती खूश, मी खूश. चहा होतोय तोवर लाइट गेली, आली, कॉम्प्युटर परत सुरू केला... इफेक्ट्स गायब! म्हणजे कळलं का? हाताने चालवलं की चालतंय, आपलं आपण उठत नाही. सुरुवातीला कोणी कोणी हजर व्हायचं त्याची एक यादी असते, त्यातून अपडेटने याचं नावच उडवलेलं! सापडला की नाही? फॉल्ट म्हणजे आपल्या घरचा माणूस!

नाव परत लिहिलं, ऐटीत चालू केला... आणि खिडक्यांच्या डोक्यावरच्या पट्ट्याच गेल्या! फुली नाही, हलवायला जागा नाही. ‘अहो, ह्या बंद कसा करू?’ मी म्हटलं, बंद कशाला करतेस, उघडं बरं असतं. ‘शिरा पडली त्या अपडेटार!’

शनिवारी दुपारी बघतो तर काय, माझा नाद सोडून देऊन ती हातात भिंग घेऊन, नाक स्क्रीनला लावून वाचतेय. सोळावं पान. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, राहू दे गं. तर म्हणते, ‘बावीस घरं आहेत, राहू दे कसं?’ मग काय! छत्तीस वर्षं ज्याने कोणाला विचारलं नाही, त्या माणसाने फोन उचलला.

घाटकोपरचा हितेशभाई, आमच्याच खात्यातला. मी यादी वाचून दाखवली. तो शांतपणे, ‘नंदूभाय, नाव बराबर लिवला. पण ए लवकर उठते हाय! बाकीचा लोक अजून आंघोळ करते, ने ए टोपी घालून दारात हुभा! एला बोला, दस सेकंड झोप, मग ये.’

दहा सेकंद! दोन दिवस मी खिडक्या, पट्ट्या, सेटिंगं उचकतोय आणि औषध काय, तर झोप! नावाच्या आधी तेवढं लिहिलं, बंद केला, चालू केला. एक... दोन... शकु माझं मनगट धरून उभी... नऊ... दहा... चाक फिरवलं आणि अक्षर हे एवढं, भाकरीएवढं! सहा वेळा बंद-चालू केला, सहाही वेळा हजर! अहो, फॉल्ट म्हणजे...

संध्याकाळपर्यंत बासष्ट पानं संपवली तिने. रविवारी उभी राहिली, म्हणाली, ‘पान एकेचाळीस. घराच्या मापात बाल्कनी धरलीय. म्हणजे खोल्या लहान होणार.’ बिल्डरच्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता! कागद परत गेला, दुरुस्त होऊन येईल तेव्हा सह्या. टाळ्या कोणाला? शकुला. इफेक्ट्स कोणी लावले, कोणी विचारलं? हॅ!

असो. आता रोज सकाळी ती बटण दाबते, आणि दहा सेकंद तिला काही कामच नसतं ना... मग मान वळवून माझ्याकडे बघते. ‘अहो, बसलात काय नुसते? दळण टाकून या.’ अक्षरं मोठी होईपर्यंत मी डबा घेऊन जिन्यात!