साडूंचा समुद्र, माझा बर्फ

...नाही, पण मला एक सांगा, बर्फ पडतो डोंगरावर, उपसतो मी, मग कौतुक साडूंचं कशाला? तुम्हाला सांगतो, घाटरस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलणारं यंत्र मी चालवतो. पहाटे उठायचं, नाक गोठवून घ्यायचं, वर अडकलेल्यांच्या शिव्या खायच्या! आणि आमचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ते काय करतात? समुद्राचा ताप मोजतात. तोसुद्धा ऑफिसात बसून! पाय तरी भिजतात का माणसाचे? पण कौतुक कुणाचं? साडूंचं.

मागे एकदा जेवताना म्हणाले... हळू बोलतात, म्हणजे विद्वान वाटतं... "त्याचं असं आहे, समुद्राला घाई नसते. दूरवरचं पाणी वीस-पंचवीस वर्षं कोमट, मग तितकीच वर्षं गार. त्याप्रमाणे वारे वाट बदलतात आणि तुमच्या डोंगरावरचा बर्फ कमी-जास्त होतो. आता कमी बर्फाची वर्षं आली." झालं! सासूबाईंचा घास हातातच. "अगबाई, एवढं लांबचं दिसतं तुम्हाला?" मी शेजारीच मीठ मागत होतो, दिलं नाही कुणी. आणि बायको साडूंकडे अशी बघत होती, तसं लग्नातसुद्धा माझ्याकडे बघितलं नव्हतं तिनं.

जळलो. लपवायचं काय त्यात? मनात म्हटलं, पड रे बाबा, असा पड की साडू तोंडघशी पडले पाहिजेत. आणि पडला की हो! यंदा खिडक्या बुजल्या. पण कधी? साडू दोन दिवसांसाठी आमच्याकडे आलेले असताना! रस्ता बंद. माझ्या पलंगावर साडू, माझ्या स्वेटरात साडू, मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. म्हटलं, काय हो, कमी पडणार होता ना? तर म्हणतात, "सरासरी कमी. मध्ये एखादं वर्ष असं येतंच." आता या माणसाला चुकीचं ठरवायचं कसं? पंचवीस वर्षं थांबू? बायको म्हणते, किती शांतपणे समजावतात बघा. आणि त्यांना दुसऱ्यांदा गरम चहा. माझा थर्मासमध्ये होता म्हणे. कौतुक कुणाचं? साडूंचं!

मग मात्र इरेला पेटलो. जेवणाची सुट्टीसुद्धा न घेता यंत्र हाणलं. जोडीदार म्हणाला, एवढी कसली घाई? म्हटलं, घरात साडू आहेत. बिचारा मुकाट्याने फावडं घेऊन उतरला. त्यालाही साडू आहेत.

शेवटी एका सकाळी घरात सगळ्यांदेखत बजावून निघालो, आज रस्ता उघडणार म्हणजे उघडणार. आणि उघडला! दोन्ही बाजूंना माझ्या उंचीच्या बर्फाच्या भिंती, मधून काळाभोर रस्ता. पहिलीच गाडी आली, तीत सासूबाई. मोठे जावई अडकलेत म्हणून काळजीने निघालेल्या. मी यंत्रावरून उतरलो, भुवयांवर बर्फ तसाच ठेवला, म्हटलं दिसू दे. त्यांनी काच खाली केली, रस्ता डोळे भरून पाहिला आणि म्हणाल्या, "मोठ्या जावयांनी फोनवर सांगितलंच होतं, आज रस्ता उघडेल म्हणून. काय बाई त्यांचा अंदाज!"

यंत्र बाजूला घेतलं... आणि गाडी जाऊ दिली.