साध्या दिसणाऱ्या जोडीविषयी

आदरणीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरचे प्राण्यांचे डॉक्टर, आपल्या सर्पपालक मंडळाचे सचिव आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आज माझी सापांची खोली बंद होते आहे म्हणून आपण हा समारंभ ठेवलात, फुलं दिलीत, चार चांगले शब्द बोललात. खरं तर हा मान ह्यांचा. हे असते, तर मी मागच्या रांगेत बसून घड्याळ बघत असते. एकदा माइक हाती आला की हे कुठले सोडतात!

बोआ सापाच्या रंगाचं गणित ह्यांनी इथे कुणाला समजावलं नाही? "पिल्लाला दोन वाटे मिळतात, एक आईचा, एक बापाचा. दोन्ही पिवळे असले तरच पिल्लू पिवळं. एकच असला तर दिसायला साधं तपकिरी, पण वाटा आत राहतो आणि पुढे जाऊ शकतो." आणि पाठीवरची नक्षी? तेव्हा माझ्याकडे बघून म्हणायचे, "काही नक्षींना एकच वाटा पुरतो. हिच्या माहेरच्या नाकासारखं. एका बाजूनं आलं तरी लपत नाही." हसा, हसा. मीही हसायचे.

आमची ती साधी जोडी आपल्याला ठाऊक आहे. विकणारा म्हणाला, दोघांचेही बाप पिवळे. म्हणजे दोघांच्याही पोटात एकेक पिवळा वाटा नक्की. पण ते बाप पाहिले होते कुणी? सगळे म्हणाले, फसलात. मी तर रोज म्हणायचे. चारात एखादं पिवळं निघावं असा हिशेब, आणि पहिल्या खेपेला सहाच्या सहा तपकिरी. हे म्हणाले, "सहादा काटा पडला म्हणून नाण्याला छापाच नाही, असं होतं का?" जोडी पुन्हा एकत्र सोडली. मादी गाभण राहिली, आणि हे गेले.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. लोक म्हणतात, बाई धीराची आहे. धीर कसला? पाणी बदलते, दिव्याची ऊब बघते, मादीच्या पोटाकडे बघते. माझ्या आत काही हलत नाही. अशा माणसानं जनावरं ठेवू नयेत, म्हणून देऊन टाकते आहे.

ती जोडी उद्या आपल्या मंडळातले टॅक्सीवाले भाऊ पाळायला नेणार. परवा सचिव म्हणाले, "वहिनी, एवढं बाळंतपण तरी होऊ द्या. दादा खरे ठरले तर?"

आपल्यात रीत आहे, पिल्लं झाली की पहिला फोन जुन्या मालकाला. भाऊ, मला फोन करू नका. सगळी तपकिरी निघाली, तर "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायला घरात कोणी नाही. आणि पिवळं निघालं, तर "चुकलं हो माझं" असं तरी कुणाला म्हणू?

आपण सवड काढून आलात, ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर घरचीच म्हणून सांभाळून घ्या. बसते.