दुसरा रिमोट

दादा: ते सगळं ठीक आहे रे, पण हे लोक तुला गुरुजी का म्हणतात? घरात तर अजून सगळे छोट्याच म्हणतात.

गुरुजी: म्हणून तर आधीच सांगतोय. कार्यक्रम सुरू झाला की चुकूनही छोट्या म्हणू नकोस. आणि जरा मागे टेकून बस. पेशंटच्या तोंडात वाकल्यासारखा बसलायस.

दादा: दातांचा डॉक्टर आहे मी, आता असाच बसणार. एका आजींची कवळी माझ्या टेबलावर पडलीय. त्या घरी गप्प बसून आहेत, सून खुशीत आहे. पण म्हणून जास्त वेळ लावू नकोस.

निर्माती: डॉक्टर, तुमचं काम शेवटी आहे. आजचा विषय, ‘उड्या मारायचे जुने व्हिडिओ गेम आवडतात? मग हे पाच खेळाच’. गुरुजी पाचव्यापासून वर येत जातील. पहिल्या नंबरला तुम्ही साक्षीदार.

दादा: साक्षीदार? खून वगैरे झालाय का?

निर्माती: आमच्या श्रोत्यांसाठी त्याहून मोठं आहे. नुसतं ‘डॉक्टर येणार’ म्हटलं तर आत्तापासून कमेंटचा पाऊस पडतोय.

गुरुजी: दादा, आपण लहानपणी जो खेळायचो ना, डोंगर चढत जायचा, म्हातारा आणि त्याची शेळी. मी त्याला ‘पर्वतपथिक’ असं नाव दिलंय.

दादा: शेळीवाला म्हण की सरळ. कॅसेटवर काय लिहिलंय ते कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून आपण शेळीवाला म्हणायचो.

गुरुजी: अभिजात उड्डाणप्रधान साहसखेळाला शेळीवाला म्हणत नाहीत.

दादा: बरं बाबा. आणि तुम्ही तिघंचौघं जमून खेळता का हे अजून?

निर्माती: तिघंचौघं नाहीत हो. मोठा ऑनलाइन गट आहे. आणि कडक शिस्त आहे. गुरुजींचं वाक्यच आहे, ‘खेळलेलाच बोलेल’. जो लहानपणी स्वतःच्या हाताने खेळला नाही, त्याने कुणाला खेळ सुचवायचा नाही. मागे एक बाई फार छान लिहायच्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की खेळायचा त्यांचा भाऊ, त्या नुसत्या शेजारी बसून बघायच्या. गुरुजींनी त्याच दिवशी गटातून काढलं.

दादा: अरेरे. का रे?

गुरुजी: बघणारा तो बघणारा, दादा. अंगठ्याला घट्टे पडल्याशिवाय अधिकार येत नाही.

दादा: पण ‘बेडूकराव’ तर तू शेजारच्यांच्या खिडकीतून बघायचास. तुझं नाक काचेला चिकटलेलं असायचं.

गुरुजी: नंतर खेळलो मी तो. हे सगळं आत्ता काढायची गरज आहे का? तुला फक्त एक प्रश्न विचारणार आहे. ‘पर्वतपथिक’मध्ये दुसरा खेळाडू होता की नाही. तू म्हणायचं, होता. ‘म्हातारा मी चालवायचो, शेळी हा चालवायचा.’ झालं. मग जा कवळी बसवायला.

दादा: शेळी तू चालवायचास?

गुरुजी: मग कोण चालवायचं?

दादा: कोणीच नाही. ती आपली आपण यायची म्हाताऱ्याच्या मागनं. एकट्याने खेळायचा खेळ होता तो.

निर्माती: डॉक्टर, गंमत करू नका हं. गुरुजींना कार्यक्रमाआधी तसंही ॲसिडिटी होते.

दादा: गंमत नाही करत. छोट्या, तुला खरंच माहीत नाही? अरे, त्या मशीनचा दुसरा रिमोट जोडायचा पोर्ट पहिल्यापासूनच खराब होता. तू भोकाड पसरायचास, ‘मला पण, मला पण’. शेवटी आईनेच सांगितलं, दे त्याच्या हातात दुसरा रिमोट आणि म्हण शेळी तुझी. वायर टीव्हीच्या मागे नुसती खोचून ठेवलेली असायची. कच्चं लिंबू होतास तू.

गुरुजी: शक्य नाही. माझ्या अंगठ्याला फोड आला होता.

दादा: आला होता की. मलम मीच लावलं.

गुरुजी: मी डावीकडे दाबलं की शेळी डावीकडे जायची.

दादा: म्हातारा जायचा तिकडे जायची. तूही म्हाताऱ्याकडे बघूनच दाबायचास. मला वाटलं, दहावीपर्यंत तरी तुझ्या लक्षात आलं असेल. तू कधी विषय काढला नाहीस, मग मीही नाही काढला.

गुरुजी: मला जरा पाणी द्या.

निर्माती: घ्या. आणि आता दोघांनीही माझं नीट ऐका. डॉक्टर, हे फक्त आठवणीतलं लाडकं खेळणं नाही राहिलं. गुरुजींनी त्या दुसऱ्या खेळाडूवर लेखमाला लिहिलीय. ‘शेळीचे स्वातंत्र्य’. लोक वर्षानुवर्षं तो शोधतायत. नव्या कॉपीत तो सापडत नाही, म्हणून गुरुजी म्हणाले, तो दुर्मीळ कॅसेटमध्येच होता. एकाने बटणं दाबायचे सगळे क्रम करून बघितले, त्याची बायको माहेरी निघून गेली. दुसऱ्याने स्वतःचं चालू मशीन उघडलं. ते परत लागत नाहीये.

दादा: देवा. आणि यातल्या कुणालाच वाटलं नाही की एकदा दुसरी वायर तपासावी?

गुरुजी: मला कसला प्रश्न पडणार होता? माझं आयुष्यातलं पहिलं जिंकणं होतं ते. शाळेत खेळायला मला कुणी घ्यायचं नाही, घरात तू सगळ्यात हुशार. एका शेळीवर माझी सगळी इमारत उभी आहे, दादा. लोक मला गुरुजी म्हणतात ते मी शेळीला तो शेवटचा पूल पार करवला म्हणून. आज ते गेलं तर मी कोण? नुसता खिडकीला नाक लावणारा.

दादा: अरे, एवढं मनाला काय लावून घेतोस.

गुरुजी: मी त्या बाईंना हाकलून दिलं, दादा.

निर्माती: सगळी भावनिक चर्चा नंतर. डॉक्टर, तुम्हाला फक्त ‘हो’ म्हणायचंय. कुणाचं काही जात नाही.

दादा: छोट्या, काय म्हणू सांग. तू म्हणशील ते.

गुरुजी: हो म्हण. प्लीज. हो म्हण.

(भिंतीवरचा लाल दिवा लागतो.)

निर्माती: नमस्कार मंडळी. ‘उडीचा तास’मध्ये स्वागत. सरळ विषयाला हात घालू. गुरुजी, पाचवा नंबर.

गुरुजी: पाचवा, ‘आगीचा डोंगर’. पहिल्याच पायरीवर माणूस मरतो. दुसरी पायरी फार थोड्यांनी पाहिलीय, म्हणूनच तिची कीर्ती टिकून आहे. ज्यांना सुरुवातीलाच अपमान करून घ्यायला आवडतो, त्यांनी जरूर खेळावा.

निर्माती: वा. चौथा?

गुरुजी: ‘बेडूकराव’. यात बेडकाला उडी मारता येत नाही.

दादा: मग तो करतो काय?

गुरुजी: जिने चढतो. इतर खेळांत उडी असते, इथे उडीचा अभाव आहे. तो अभाव ज्याला जाणवला, त्याला खरी उडी कळली.

निर्माती: श्रोते लिहितायत, ‘डोळ्यांत पाणी आलं’. तिसरा, गुरुजी?

गुरुजी: ‘चिमणीतला शिंपी’. धुराड्यातून सुईला धरून वर जायचं. आणि दुसरा, ‘बर्फातली चावी’. ज्याला ‘शिंपी’ आवडला त्याला ‘चावी’ आवडेलच. नाही आवडली, तर त्याला ‘शिंपी’ही कळला नव्हता असं समजावं.

दादा: हे बरंय. म्हणजे सुचवणारा कधी चुकतच नाही.

निर्माती: डॉक्टरांचा स्वभाव विनोदी आहे, मंडळी. आता तो क्षण आलाय. पहिला नंबर, ‘पर्वतपथिक’. आणि सोबत साक्षात गुरुजींचे थोरले बंधू, दातांचे डॉक्टर. डॉक्टर, एकाच शब्दात सांगा. दुसरा खेळाडू होता?

दादा: होता.

निर्माती: ऐकलंत? कमेंट वाचताच येत नाहीयेत, एवढ्या धावतायत. थोडं सविस्तर सांगा ना.

दादा: सविस्तर काय. म्हातारा माझ्याकडे, शेळी याच्याकडे. शेवटचा पूल हलायचा. तिथे शेळीने वेळेवर उडी मारली नाही की दोघंही खाली. याने तो पार केला. मग घरभर नाचत सुटला, आणि आईच्या हातातलं ताट पाडलं. माझ्या डोळ्यांसमोर झालंय हे सगळं. शेळी यानेच चालवली.

गुरुजी: नाही.

निर्माती: गुरुजींना गहिवरून आलंय, मंडळी.

गुरुजी: गहिवरून नाही आलेलं. माझा रिमोट जोडलेलाच नव्हता. वायर टीव्हीच्या मागे खोचलेली होती. मी रडू नये म्हणून तो माझ्या हातात दिला होता. शेळी आपोआप चालायची. मला हे आज, इथे, या खुर्चीत बसल्यावर कळलं. ज्यांनी माझ्यामुळे मशीन उघडलं, ज्यांची बायको रुसली, त्या सगळ्यांची मी माफी मागतो. दुसरा खेळाडू नाहीच. शोधू नका.

दादा: छोट्या, मी ‘हो’ म्हटलं होतं ना.

गुरुजी: राहू दे, दादा. काय लिहितायत ते? वाचा. जसंच्या तसं वाचा.

निर्माती: वाचते. ‘गुरुजी आपली परीक्षा घेतायत, कुणीही हटू नका.’ ‘काय हा नम्रपणा.’ ‘गुरुजींवर कुणीतरी दबाव आणलाय, तो दातवाला डॉक्टर संशयास्पद वाटतो.’

दादा: मी? मी तर याच्या बाजूने बोललो.

निर्माती: ‘टीव्हीच्या मागे वायर, हाच तो संकेत आहे. आज रात्री टीव्हीच्या मागे बघतो.’ याला चाळीस लोकांनी अंगठा दिलाय. आता मात्र वेगळंच काहीतरी येतंय. ‘गुरुजी, माझी ताई मला पक्षी चालवायला द्यायची.’ ‘मला कुत्रा दिला होता, मोठ्या भावाने.’ ‘मला ढग. ढग तर आपोआपच सरकतात ना?’ ‘थांबा, मी ताईला फोन करून येतो.’

दादा: झालं. आज कितीतरी घरांत भांडणं लागणार.

निर्माती: आणि ही कमेंट त्या बाईंची, ज्यांना काढलं होतं. त्या बाहेरून ऐकतायत वाटतं. ‘मला निदान माहीत होतं की मी बघतेय.’

गुरुजी: त्यांना परत आत घ्या. आता, लगेच. आणि विचारा, पहिल्या नंबरला त्या कुठला खेळ सुचवतील. माझी ती जागा रिकामी झालीय.

निर्माती: घेतलं. त्या लिहितायत, ‘विचार करून सांगते, घाई नाही.’ मंडळी, छोटीशी विश्रांती घेऊ. कुठे जाऊ नका, टीव्हीच्या मागे तर मुळीच जाऊ नका. हं, माइक बंद. गुरुजी, तुम्ही मला आज म्हातारं केलंत. मी जरा बाहेर हवा खाऊन येते.

दादा: मी पण निघतो रे. आजींची कवळी.

गुरुजी: दोन मिनिटं थांब. आत्ता सगळ्यांसमोर माझ्यासाठी खोटं बोललास. तुला खोटं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, दादा. मीच बोलायला लावलं तुला.

दादा: मी कुठे खोटं बोललो?

गुरुजी: शेळी याने चालवली म्हणालास.

दादा: चालवलीसच तू. मी उडी मारली की मागनं शेळी मारायची, तिला तेवढंच यायचं. डावंउजवं तू म्हाताऱ्याकडे बघून दाबायचास, पण उडी कधी मारायची ते मी तुझ्या बोटाकडे बघून ठरवायचो. तू बटण दाबलंस की मी दाबायचो. नाहीतर एका दिवसात तुला कळलं असतं.

गुरुजी: पण मी तर मनाला येईल तेव्हा दाबायचो.

दादा: म्हणून तर आपण इतक्यांदा दरीत पडायचो.