कुरवंड्याच्या माळावर पोतं उघडलं तेव्हा

मी, यशोधरा मुकुंद आगाशे, वय ५९ वर्षे, व्यवसाय निवृत्त शिक्षिका, सध्या व्याख्याने देते, राहणार घोरावाडी स्टेशनजवळ, तळेगाव दाभाडे, ता. मावळ, जि. पुणे, आज दि. २० मे २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता, कोणी बोलावले नसताना पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. 'टेहळणी मंडळ' नावाची मुलांसाठीची रहस्यकथांची जुनी मालिका आहे. तीस पुस्तके आहेत. पाच मुले सुट्टीत डोंगरात जातात, खुणा वहीत टिपतात आणि मोठ्यांच्या आधी चोर पकडतात. मी ती नवव्या वर्षी वाचली. गेली बावीस वर्षे मी शाळाशाळांतून सांगत आले आहे की, ज्या मुलाने पुस्तकातले भय चाखले नाही ते मोठेपणी अन्यायासमोर उभे राहत नाही, ते फक्त रांगेत उभे राहते. (येथे हवालदारांनी मला "मॅडम, भाषण नको, वेळ आणि ठिकाण सांगा," असे सांगितले.)

दि. १३ मेपासून कुरवंडे गावाच्या वरच्या माळावर मी चौदा मुलांचे वाचन शिबिर घेतले. रोज संध्याकाळी मालिकेतले एक पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तसा तपास खेळायचा, असा क्रम होता. प्रत्येक मुलाला एक वही दिली होती. संशयिताचे वर्णन, वेळ आणि खुणा लिहायला मी शिकवले.

माळाच्या खाली हाकेच्या अंतरावर कातकरी वाडी आहे. तेथील कोंडू हिलम, वय अंदाजे ६०, आम्हाला पाणी आणि लाकूड आणून देत. मुले त्यांना आबा म्हणत. शेवटच्या दिवशी, रविवारी दि. १८ रोजी, मी एक मोठे रहस्य रचले. अनुष्का श्रीपाद कुलथे, वय १०, हिला दुपारी दोन वाजता मी स्वतः कोंडू आबांच्या घरी नेऊन बसवले. ती खुशीत होती. कोंडू आबांची बायको सावित्राबाई हिने तिला नाचणीची भाकर दिली. अनुष्काची एका पायातली चप्पल मी आबांकडे दिली. ती पोत्यात घालून त्यांनी तीननंतर माळावरून जायचे, चप्पल वाटेत टाकायची, मुलांनी माग काढत वाडीवर पोचायचे आणि पाच वाजता पालक जमले की मी सगळे उलगडून सांगायचे, असे ठरले होते. बाकीच्या तेरा मुलांना यातले काहीच माहीत नव्हते. अनुष्काच्या आईवडिलांची परवानगी मी घेतली नव्हती.

कोंडू आबा म्हणाले होते, "बाई, पोरीची चप्पल माज्या पोत्यात बरी न्हाई दिसायची." मी म्हणाले, "आबा, पुस्तकात असंच असतं."

पालकांना पाचची वेळ दिली होती. अनुष्काचे वडील श्रीपाद आणि आई रजनी तीन वाजताच आले. रजनीताईंनी विचारले, "अनु कुठाय?" शिबिरातली श्रद्धा, वय १२, हिने सांगितले, "काकू, ती दोन वाजल्यापासून गायब आहे. आमचा तपास चालू आहे." रजनीताईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "इथेच असेल, येईल." हे खोटे होते.

तीन वाजून बारा मिनिटांनी कोंडू आबा वाडीकडून वर आले. वेळ शिबिरातल्या अर्णवच्या वहीत आहे, ती वही मी हजर केली आहे. मुलांचा शेवटचा दिवस म्हणून आबांनी सकाळी जाळीत हिंडून करवंदे काढली होती आणि त्याच पोत्यात भरून आणली होती. हे आमचे ठरले नव्हते. करवंदे चेंगरून पोत्याच्या तळातून तांबडा रस गळत होता. श्रद्धाच्या वहीतली नोंद अशी आहे: "संशयित क्र. १. अनवाणी. काळा. केस वाढलेले. पोत्यातून रक्त." ती नोंद तिने मोठ्याने वाचली. आदल्या संध्याकाळी मी जे पुस्तक वाचून दाखवले होते, त्यातला चोर अनवाणी होता आणि त्याच्याकडे पोते होते.

श्रीपाद यांनी पोते ओढून उलटे केले. करवंदांतून चप्पल बाहेर पडली. रजनीताई खाली बसल्या. श्रीपाद यांनी आबांचा गळा धरून विचारले, "पोरगी कुठंय?"

आबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाईंना इचारा."

श्रीपाद यांनी त्यांच्या तोंडावर बुक्की मारली. "बाईंना काय विचारू? तुला विचारतोय मी."

मी तीस पावलांवर उभी होते. माझ्या हातात बॅटरीवरचा कर्णा होता आणि तो चालू होता. मी बोलले नाही.

आबा पडले. ज्यांच्या गाडीतून मुले आली होती ते चालक संदेश यांनी त्यांच्या बरगडीत लाथा घातल्या. नागफणीच्या सुळक्याकडे निघालेले सात-आठ पर्यटक रस्त्यावरून धावत आले. त्यांपैकी एकजण "पोरं पळवणारी टोळी आहे, धरा," असे ओरडला. त्यांनी काही विचारले नाही, आल्या आल्या मारायला लागले. मी त्यांना ओळखत नाही, पाहिल्यास ओळखीन. एकाने आबांच्या मनगटावर बूट ठेवून भार दिला. हाड मोडल्याचा आवाज मुलांपर्यंत आला. आबा पुन्हा म्हणाले, "बाईंना इचारा." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तोंडात रक्त असल्याने शब्द नीट फुटला नाही. कोणीही मला विचारले नाही.

मी का बोलले नाही, असे हवालदारांनी विचारले. "घाबरून" असे लिहू का, असेही विचारले. तसे लिहू नये. मी घाबरले नव्हते. रहस्य शेवटच्या प्रकरणात फुटते. पाच वाजता सर्व पालकांपुढे ते फोडण्यासाठी माझे भाषण तयार होते. पहिल्या बुक्कीला मला वाटले, आता सांगितले तर ते वाया जाईल. एवढेच वाटले. नंतर दर लाथेगणिक सांगणे जास्त अवघड होत गेले.

श्रीपाद यांनी तंबूचा लोखंडी गज उपटला आणि आबांच्या तोंडावर दोन वेळा मारला. दुसरा घाव डाव्या डोळ्यावर बसला. तेव्हा मी कर्ण्यातून म्हणाले, "थांबा, मुलगी मी लपवलीय." अर्णवच्या वहीत तेव्हा तीन वाजून सोळा मिनिटे झाली होती. कोणी थांबले नाही. एक-दोन मुले हसली, कारण आठवडाभर त्या कर्ण्यातून खेळाच्याच सूचना येत होत्या.

गलका ऐकून सावित्राबाई अनुष्काला घेऊन वाडीतून धावत वर आल्या. अनुष्का दिसल्यावर मार थांबला. ती वडिलांजवळ गेली नाही. पर्यटक निघून गेले. सावित्राबाईंनी पदर आबांच्या डोळ्यावर दाबला आणि मला म्हणाल्या, "गाडी सांगा, बाई. तेवढं तरी करा."

कोंडू आबा पुण्याच्या सरकारी रुग्णालयात आहेत. डावा डोळा गेला आहे. जबडा, मनगट आणि तीन बरगड्या मोडल्या आहेत. त्यांना बोलता येत नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसून मी मालिकेतली तीसही पुस्तके आठवली. बावीस पुस्तकांत चोर डोंगरातला आहे. एकाही पुस्तकात तो शाळेतल्या बाईंच्या ओळखीचा नाही. मी ही पुस्तके हजारो मुलांच्या हातात दिली आणि हे माझ्या ध्यानात आले नाही.

श्रीपाद कुलथे यांनी कोंडू आबांविरुद्ध मुलगी पळवल्याची फिर्याद दिली आहे, हे मला काल समजले. ती खोटी आहे. मुलीला मी नेले. काल रात्री श्रीपाद यांनी मला फोन करून सांगितले, "मॅडम, तो बरा झाला की आपण त्याला काहीतरी देऊ. तुम्ही गप्प राहिलात तर दोघंही सुटू." मी म्हणाले, "गप्प राहून झालंय माझं." मला साक्षीदार म्हणून नव्हे, आरोपी म्हणून नोंदवावे, अशी माझी मागणी आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्या वेळी सावित्राबाई स्वतःचा जबाब देण्यासाठी शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तो ऐकला आणि त्या म्हणाल्या, "समदं खरं हाय. पर आमचा मानूस मार खाऊन बी पोरगी कुटं ते का बोलला न्हाई, ते न्हाई लिवलं हिनं." हवालदारांनी मला विचारले. ते मी सांगायचे टाळले होते. त्यांच्या सांगण्यावरून पुढील मजकूर वाढवत आहे.

दुपारी दोन वाजता, त्यांच्या दारात, मी कोंडू आबांकडून शब्द घेतला होता की, कोणी कितीही विचारले तरी मुलगी कुठे आहे ते सांगायचे नाही. ते म्हणाले होते, "न्हाई सांगनार, बाई." त्यांनी सांगितले नाही.

वाढवलेल्या मजकुरासह हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. आता त्यात काही राहिलेले नाही.

समक्ष सही,
यशोधरा मुकुंद आगाशे