सोजरनं दाखवलेली मुंबई

कस्तुराबाई : आधी पोरीचं सांगा. हत्तीचं मागनं.

कोंडीराम : अगं पोरीचंच सांगतोय की. हत्ती सोजरनंच दाखवला न्हवं?

हैदर : भाभी, जरा म्हागं सरकून बसा. म्होरं रामलिंगाचा उतार हाय, घोडं बिचकतं. हां कोंडीरामभाऊ, बोला. आमालाबी ऐकू द्या. पहिलं येडशी टेशनावर जो उतरायचा तो हैदराबादचं सांगायचा. चारमिनार असा, मक्कामशीद तशी. आता निजाम गेला, आपला जिल्हा मुंबई राज्यात आला, तवापासनं माझ्या टांग्यात नुसती मुंबईच बसती. लोक जात्यात कचेरीच्या कामाला आन येताना चौपाटीच्या गोष्टी घिऊन येत्यात.

कोंडीराम : म्या तर निस्ता पोरीला भेटाया गेलतो. पर तिनं एक जागा ठिवली न्हाय. समिंदराच्या काठाला एक कमान हाय हैदर, गावाच्या येशीवाणी. पर येशीतनं आत जावं तर गावच न्हाय. नुसतं पाणी.

हैदर : अपोलो बंदर! पोरगा व्हतो तवा गेलतो मामूसंगं. आन हाजीअली? माझा सलाम पोचवला का न्हाय?

कोंडीराम : पोचवला. सोजर म्हणली, आबा, आता पाणी वसरंल, मग वाट उघडी पडंल, तवर हितं कठड्यावर बसू. आन खरंच, बघता बघता वाट उघडी पडली. समिंदर कवा येतो, कवा जातो, पोरीला तोंडपाठ.

हैदर : वा! पोर तर पक्की मुंबईवाली झाली.

कोंडीराम : म्याबी तसंच म्हणलं. कुठं कवा कसली गर्दी, समदं तिला ठावं. सकाळच्याला बंदरावर बोटीतली गोरी माणसं. दुपारी मासेघरात साळंची पोरं, रांग लावून. चौपाटीवर दिवे लागल्यावर शेठलोकांच्या बाया. आन रईवारी गिरण्या बंद, तवा म्हणली, आबा, रईवारी राणीच्या बागंत जायाचं न्हाय. बाकड्यावर जागाच मिळत न्हाय. आपुन रईवारी देवळाकडं जाऊ.

कस्तुराबाई : आंगानं कशी हाय?

कोंडीराम : बरी हाय. जराशी काळवंडलीय.

कस्तुराबाई : घरात ऱ्हाणारी बाई काळवंडली कशी?

कोंडीराम : माझ्यासंगं हिंडली न्हवं का उन्हाची. चार दीस.

कस्तुराबाई : चार दिसांत माणूस काळवंडत न्हाय. आपुन आख्खी सुगी रानात काढतो तवा काळवंडतो. म्या दिलेले धपाटे कुणी खाल्ले?

कोंडीराम : आमीच. बागंत बसून.

कस्तुराबाई : आन जावयानं?

कोंडीराम : त्याची पाळी व्हती गिरणीत.

कस्तुराबाई : चारी दिवस?

कोंडीराम : गिरणीचं तसंच असतंय बाई.

हैदर : चाळ कुठली म्हणालात भाऊ? आमचा मामू लालबागला ऱ्हायचा. एका खोलीत आमी धा-बारा जण. मी तर जिन्यात झोपायचो. तुमी कुठं झोपलात, खोलीत का व्हरांड्यात?

कोंडीराम : म्या… म्या टेशनाजवळच्या धरमशाळंत उतरलो.

कस्तुराबाई : धरमशाळंत? पोटची पोर असताना?

कोंडीराम : खोलीला चुना मारायचं काम चाललं व्हतं. समदं सामान भाईर. सोजर सकाळी यायची, मला घिऊन जायाची, सांजच्याला आणून सोडायची.

कस्तुराबाई : चूल कसली हाय तिची?

कोंडीराम : चूल म्हंजी… ते रॉकेलचं असतंय बघ.

कस्तुराबाई : तुमी बघितली?

कोंडीराम : न्हाय.

कस्तुराबाई : पाणी कुठनं भरती? नळ दारात हाय का खाली?

कोंडीराम : धपाट्याचं फडकं कुठं ठिवलं म्या?

कस्तुराबाई : आवं, मी काय इचारतीय? तुमी पोरीच्या घरात पाऊल टाकलं का न्हाय?

हैदर : भाभी, घोड्याला तहान लागली वाटतं. हितं हाळ हाय. मी पाणी पाजून येतो. तुमी बसा निवांत. मला काय घाई न्हाय.

(टांगा थांबतो. हैदर घोडा सोडून हाळाकडं नेतो आणि तिकडंच पाठमोरा उभा राहतो.)

कोंडीराम : न्हाय टाकलं.

कस्तुराबाई : का?

कोंडीराम : घर न्हाय तिला, कस्तुरा.

कस्तुराबाई : असं कसं न्हाय? म्या सोता भांडी दिली. लगनात सात भांडी दिली, पाटा-वरवंटा दिला. ते कुठं हाय मग?

कोंडीराम : हाय तिथंच हाय. चुलीम्होरं दुसरी बसलीय.

कस्तुराबाई : कवापासनं?

कोंडीराम : दिवाळीपासनं. गिरणीतलीच हाय कोण. मूलबाळ झालं न्हाय म्हणून हिला भाईर काढली. आन मला येडशीपासनं मुंबईपतूर काय म्हाईत न्हाय. म्या धाडलेलं कारड तिला कुणी पोचवलं द्येव जाणं, म्या आपला टेशनावर उतरलो, ती हुबीच. नवं लुगडं नेसलेली. म्हणली, आबा, घराला चुना मारतोय, चला तुमाला मुंबई दावते.

कस्तुराबाई : तुमाला कवा कळलं?

कोंडीराम : तिसऱ्या दिशी. राणीच्या बागंत बसलो व्हतो झाडाखाली. ती माकडांचं सांगत व्हती. सांगता सांगता उठली आन म्हणली, आबा, पल्याडच्या बाकड्यावर चला, हितं आता ऊन येतंय. ऊन आजून आलं न्हवतं. आमी पल्याड जाऊन बसलो, आन मग आलं. सावली कवा कुठं सरकती हे माणसाला आपल्या दारातल्या झाडाचं ठावं असतंय गं. दुसऱ्याच्या बागंतल्या झाडाचं कसं ठावं असंल? तेवढ्यात एक म्हातारी आली, फुटाणेवाली. म्हणली, आज सोबत कोण गं सोजर? रोज तर एकलीच असतीस. पोरीनं मान खाली घातली. खांद्यावर एक पिशवी व्हती तिच्या. तीन दीस ती पिशवी तिनं खाली ठिवली न्हवती. म्या म्हणलं, दाव बघू काय हाय. एक जुनं लुगडं, फणी, आन तू दिलेला कुंकवाचा करंडा. तेवढाच परपंच.

कस्तुराबाई : मग झोपती कुठं?

कोंडीराम : तुळजापूरकडची एक कोंडाबाई हाय, तिच्या दाराम्होरं व्हरांड्यात. बाई भली हाय. पर दिवसा तिथं थारा न्हाय. रातपाळीचे गडी दिवसा झोपाया येत्यात, पार व्हरांड्यापतूर आथरूण. बायामाणसानं कुठं बसावं? मग ही उजाडायला निघती. दोन-चार दिशी एका दुकानदाराचं धान निवडाया जाती. बाकीच्या दिशी जिथं लोक मुंबई बघाया येत्यात तिथं जाऊन बसती. लोक बघत असले की एकलीकडं कुणी बघत न्हाय, म्हणली.

कस्तुराबाई : आन तुमाला तिनं तेच दावलं.

कोंडीराम : तिच्याकडं दुसरं काय व्हतं दावायला?

कस्तुराबाई : रडली?

कोंडीराम : न्हाय. माकडांचं सांगत व्हती तसंच हेबी सांगितलं. आन मग म्हणली, आबा, उद्या मासेघर ऱ्हायलंय. आमी गेलो दुसऱ्या दिशी. म्याबी गेलो. काचंत मासं फिरत्यात, निळं, पिवळं. ती एकेकाचं नाव सांगत व्हती आन म्या हूं हूं म्हणत व्हतो.

कस्तुराबाई : आन तिला तिथं टाकून आलात.

कोंडीराम : म्हणलं मी तिला. गाडीवर पोचवाया आली, तवा म्हणलं, चल माझ्यासंगं, घरला चल. ती म्हणली, आबा, धाकटीचं वैशाखात लगीन. म्या माघारी आले तर लोहाऱ्याचे पाव्हणे सोयरीक मोडतील. थोरली टाकलेली म्हणल्यावर धाकटीला कोण करंल? तिचं हू द्या. मग बघू.

कस्तुराबाई : मग तुमी काय म्हणलात?

कोंडीराम : गप बसलो.

कस्तुराबाई : दुसऱ्यांदा न्हाय म्हणलं? चल म्हणून?

कोंडीराम : न्हाय.

कस्तुराबाई : का हो? एकदा न्हाय म्हणली म्हणून काय झालं? आपलीच पोर. हाताला धरून वढायची. का न्हाय म्हणलं दुसऱ्यांदा?

कोंडीराम : आन ती व्हय म्हणली असती तर? मग शिटी झाली. गाडी हलली. ती गाडीसंगं चालत व्हती. म्हणली, आबा, लई गर्दी असती, पिशवी सांभाळा. मला सांगत व्हती पिशवी सांभाळा.

कस्तुराबाई : म्या असायला पायजे व्हते तिथं.

कोंडीराम : तू काय केलं असतंस?

कस्तुराबाई : म्या…

कोंडीराम : सांग की. शिव्या दे मला. मला बरं वाटंल.

कस्तुराबाई : शिव्या काय दिऊ? म्याबी एकदाच म्हणलं असतं.

कोंडीराम : रडू नको. हैदर बघंल.

कस्तुराबाई : त्यो बघत न्हाय. मघापासनं पाठ फिरवून हुबा हाय बिचारा. घोड्याचं पाणी कवाच पिऊन झालं. …पावसाळ्यात कुठं बसंल हो ती?

कोंडीराम : इचारलं म्या. म्हणली, भाईर काढल्यापासनं पाऊस आजून आलाच न्हाय. आला की कळंल.

कस्तुराबाई : वैशाखात लगीन. मांडव उतरला की मी निघते. सोता निघते. पाऊस पडायच्या आत आणते तिला. धाकटी नांदाया गेल्यावर कोण काय म्हणायचं ते म्हणू द्या.

कोंडीराम : मी येतो संगं.

कस्तुराबाई : तुमी नका येऊ. तुमाला बघितलं की ती पुन्ना बागंत न्हेईल. …हैदर! ये बाबा. झालं आमचं.

हैदर : आलो भाभी. …माझ्या कानावर काय पडलं न्हाय. खुदाकसम. मगर एक सांगू? मोठीला आणायला जाल, तवा मला आदल्या दिशी सांगा. टांगा टेशनावर हुबा ठिवीन. आमच्या बाया जात्यात तसा चारी अंगांनी पडदा लावीन. येडशीत, वाटंत, कुणाला काय दिसणार न्हाय. सीधा तुमच्या दारात.

कस्तुराबाई : पडदा कशाला रं? म्हायेराला येतीय माझी पोर. चोरी केलीय का तिनं?

हैदर : न्हाय भाभी. चुकलो मी. माफ करा.

कस्तुराबाई : …लाव. लावच पडदा.

हैदर : जी.

कस्तुराबाई : आन आता हळू हाक जरा. मला तोंड पुसू दे. आवं, तुमीबी पुसा. गाव जवळ आलं. बाया इचारतील, मुंबईत काय काय बघितलं. मला समदं नीट सांगा एकदा. मघाशी म्या ऐकलंच न्हाय.

कोंडीराम : काय सांगू?

कस्तुराबाई : समदं. टेकडीवर एक बाग हाय म्हणत्यात न्हवं, वीरप्पाची सून बघून आलती?

कोंडीराम : हाय. झाडांची जनावरं केलीत, कातरून. आन तिथंच एक बूट हाय, दगडाचा, दोन माणसं उंच. आत जिना. पोरं चढत्यात, खिडकीतनं हात करत्यात आन उतरत्यात.

कस्तुराबाई : बूट. झाडांची जनावरं. आन मासं निळं, पिवळं. बरं. ध्येनात ठिवते.

हैदर : भाभी, येशीवर विठाबाई हुबी हाय. थांबवू, का जाऊ सीधा?

कस्तुराबाई : थांबव. न्हाय थांबलं तर जास्त बोलंल.

विठाबाई : आलं का गं मुंबईकर! कोंडीरामदादा, बोला की! मुंबई बघून मुके झालात व्हय?

कस्तुराबाई : दमलेत गं. गाडीत बसायला जागा न्हवती. हुबं ऱ्हाऊन आलेत.

विठाबाई : मग, काय काय दावलं लेकीनं?

कस्तुराबाई : समदं दावलं. हत्ती, माकडं, निळं पिवळं मासं. झाडांची जनावरं कातरून केलीत म्हणं. आन एक बूट हाय, दगडाचा, दोन माणसं उंच.

विठाबाई : अगं बया! नशिबाची गं तुझी सोजर. आन घर कसं हाय तिचं? आमच्या भाच्याची खोली तर लई बारकी हाय म्हणत्यात, श्वास घ्यायला जागा न्हाय.

कस्तुराबाई : सोजरचं मोठं हाय. लई वारं येतं.