लेक कोण या घरची?

मंडळी, एक विचारते. घर आपलं होतं कधी? किल्ली हातात आली की? दारावर पाटी लागली की? हसू नका! पाट्या लावून बसलेत कितीतरी, आणि तिकडं कोर्टात तारखांवर तारखा! ऐका तर.

बार्शीत एक शेवंताबाई घोडके होती. पिठाची गिरणी चालवायची. उभा जन्म गेला अकरा-अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर. भिंतीत खिळा ठोकायचा, तरी मालकाला विचारा! अशा बाईला हक्काचं घर मिळायची वेळ आली. विकणारे बाळकृष्णराव उंबरजे. वडील गेलेले, उताऱ्यावर यांचं एकट्याचं नाव.

"वारस मी एकटाच, वहिनी. बिनघोर राहा!"

इसार दिला, किल्ली घेतली. खरेदीखत सोमवारी.

आणि बाईनं काय करावं? चातुर्मास तोंडावर आलेला. गुरुजी म्हणाले, "मुहूर्त रविवारचा. मग थेट दिवाळीनंतर!" झालं! सोमवारी खरेदी — आणि रविवारी वास्तुशांत! खरेदीचे कागद करणाऱ्या वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, सही व्हायचीय अजून!"

"सही काय, सोमवारी होईल. मुहूर्त थांबतो का?"

बघा! आधी बारसं, मागून लेकरू!

पण बाईला आईनं एक रीत लावून दिलेली. दुसऱ्याचं घर घेशील, तर त्या घरच्या लेकीला आधी जेवू घाल. तिचा जीव उंबऱ्यात असतो. शेवंताबाईनं शेजारच्या गंगूमावशीला विचारलं, "लेक कोण या घरची?"

"इंदू की! लातूरला दिलीय."

आता, बाईच्या डोक्यात वारस म्हणजे मुलगा. लेक म्हणजे पाहुणी! तिनं आपलं हौसेनं फोन करून आवतण दिलं.

रविवारी होम पेटला. पुरणपोळ्यांचा वास गल्लीभर. तेवढ्यात दारात रिक्षा! इंदूताई उतरली. तोरणाकडं बघितलं आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "माझ्या बापाचं घर विकतंय कोण?"

गुरुजींचा 'स्वाहा' घशातच अडकला!

"अगं इंदे, मी सांगणारच होतो—" पाहुण्यांत बसलेले बाळकृष्णराव उठले.

"कधी रे दादा? माझ्या तेराव्याला?"

शेवंताबाई पुढं झाली. "ताई, आधी दोन घास तरी—"

"जिथं माझी सही नाही, तिथं माझं पान नको!" आणि बसली ओट्यावर.

बाळकृष्णरावांनी तिला बाजूला घेतलं. "वहिनी, उद्या उरकून टाकू. नाव माझंच आहे. ही कोर्टात जाईस्तोवर तुम्ही घरात!"

मोह झाला, मंडळी. का नाही होणार? कालच तिनं भिंतीत खिळा ठोकला होता. जन्मात पहिल्यांदा, कुणाला न विचारता! त्यावर देवाची तसबीर लावली होती. आता त्या खिळ्याकडं बघताना तिला वाटलं — ज्या भिंतींना बापाचं घर म्हणणारी बाहेर उपाशी बसलीय, तिथं देव तरी जेवेल का?

उतरवली तसबीर! पदराखाली धरली.

"ताईंची सही नाही, तर मला घर नाही. ही घ्या किल्ली."

इंदूताईनं मान वर केली.

"ठेव गं ती तसबीर जागेवर. विकू नका, असं मी कुठं म्हटलं? मला विचारा म्हटलं! दादा, हक्कसोड मी लिहून देणार नाही. विकणाऱ्यांत माझं नाव घाल, तुझ्या शेजारी. आणि वाटा बरोबरीचा."

"लोक काय म्हणतील, इंदे?"

"म्हणतील, उंबरज्यांना दोन लेकरं होती!"

वकीलसाहेबांनी कागद नव्यानं केले. निबंधक कचेरीत कारकून म्हणाला, "ह्या साक्षीदार का?"

"साक्षीदार नाही, लिहून देणार — विकणारी!" इंदूताई ठसक्यात म्हणाली. सही केली, अंगठा उठवला, पदर सावरून कॅमेऱ्यात बघितलं. बाहेर येऊन शेवंताबाईचा हात धरला.

"चल बाई, तुझ्या घरी. त्या दिवसापासून पुरणाचा वास नाकात बसलाय!"

तेव्हा झालं, मंडळी, ते घर शेवंताबाईचं! वास्तुशांत खरी त्या दिवशी झाली — होम नाही, मंत्र नाही, एक पान वाढलं तेव्हा.

मायबहिणींनो, यंदा राखीच्या ताटात भारी साडी आली, तर आधी घडी उलगडून बघा, खाली हक्कसोडीचा कागद आहे का! आणि भावांनो, खाली काय बघताय? हातातले टाळ वाजवा की! वाजवताना हात अडखळला, तर समजा — कुठल्या तरी लेकीचं पान वाढायचं राहिलंय. जा, आजच तिला आवतण द्या!