खेळाडूंच्या कपाळी कुंकू

मी, सौ. ईप्सिता कपिल मेहेंदळे, वय २५, शिक्षण घेते (टेक्निकल युनिव्हर्सिटी, मास्टर्स), राहणार कायझर्सलाउटर्न, जर्मनी. सोबत पती कपिल आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाई विभावरी राहतात. वडील दीपगृहावर नोकरीला असल्याने चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवले. दुभाषी अरुंधती पेंडसे यांच्यासमोर, विचारल्यावरून सांगते की,

आमच्या इमारतीत तळमजल्यावर श्री. वेन हॉब्स राहतात. ते इथल्या अमेरिकन लष्करी तळावरून निवृत्त झाले आहेत. बेसबॉल खेळाडूंची जुनी छापील कार्डे जमवतात, पण नामांकितांची नाही. एक-दोन हंगाम खेळून जे पुन्हा दिसले नाहीत, त्यांचीच. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "नामांकितांना सांभाळायला बाकीचे आहेत." त्यांची नजर अधू झाल्याने त्यांनी मला नऊ कार्डे स्कॅन करायला दिली. मी ती नेहमी कडेनेच धरत असे.

रविवार, दि. २१ ऑक्टोबर २००७ रोजी दसरा होता. सासूबाईंनी माझ्या टेबलावरची पुस्तके पूजेला मांडली. कार्डे वरच्या पुस्तकावर होती. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा नऊही खेळाडूंना ओले कुंकू लावून झाले होते. ज्यांची टोपी कपाळावर आली होती त्यांना टोपीवरच.

मी म्हणाले, "अहो आई, ही माझी नाहीत."

त्या म्हणाल्या, "तुझ्या अभ्यासात होती ना? आणि माणसं आहेत, कपाळ मोकळं कशाला ठेवायचं? बघ, कसे व्याह्यांसारखे बसलेत."

पती हसले. मी कार्डांकडे हात नेला. सासूबाई म्हणाल्या, "मांडलेली पूजा हलवायची नाही. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

दसऱ्याला पूजेत ठेवलेली पुस्तके त्या दिवशी उचलत नाहीत. माझ्या माहेरीही तसेच होते. मी हात मागे घेतला. तेव्हा टिपकागद लावला असता तर काही कार्डे वाचली असती, असे मला वाटते. मी समोरच्या खुर्चीत बसून राहिले. पतींनी जेवायला बोलावले तरी उठले नाही. लाल रंग खेळाडूंच्या कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरला.

दुसऱ्या दिवशी मी कार्डे परत दिली. श्री. हॉब्स यांनी ती खिडकीपाशी धरून पाहिली. त्यांची मुलगी तिथे होती. वडिलांना धमकावण्यासाठी चेहऱ्यांवर रक्तासारख्या खुणा केल्या, अशी तक्रार तिने पोलिसांत दिली आहे. ते खरे नाही. ते कुंकू आहे. आमच्याकडे ज्याला मान द्यायचा त्याला ते लावतात.

कुंकू कोणी लावले, असे मला विचारले. इथे येताना बसमध्ये पती म्हणाले, "मी लावलं, चुकून झालं, असं सांग. आल्झो, म्हणजे झालं, विषय संपला. आईचं पुढच्या आठवड्यात विमान आहे. तिचं नाव कशाला?" मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. निघताना सासूबाईंनी माझ्या हातावर दही घातले होते.

कुंकू मी लावलेले नाही. ते सासूबाई विभावरी यांनी लावले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. ओले असताना कार्डे उचलली नाहीत, ती मी. लावले कोणी एवढेच पुरे, असे अधिकारी म्हणाले. मी दोन्ही लिहायला सांगितले.

पती बाहेर बाकावर बसले आहेत. जबाबाची प्रत टपालाने घरी पाठवू नये. टपालपेटीची किल्ली त्यांच्याकडे असते. मी इथे येऊन नेईन.

वरील मजकूर अरुंधतीताईंनी मला मराठीत वाचून दाखवला. वाचण्याआधी दार लावून घ्यावे, असे मी म्हटले होते. सासूबाईंचे नाव असलेली ओळ मी पुन्हा वाचायला लावली. ती मी सांगितल्याप्रमाणेच आहे. बदलायची नाही.